डुक्कर, कोबी आणि नगरपालिका

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. ज्यांना डुकराचं नाव काढलेलंही चालत नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण खरं तर ही पोस्ट त्यांच्यासाठीच जास्त आहे. का, ते पुढे कळेल.

विषय आहे तोनकात्सु. हा एक जपानी पदार्थ. डुकराच्या मांसाचा जाड काप, त्याला मैदा, अंडं आणि पावाचा जाडसर चुरा लावून खरपूस तळलेला. सोबत डोंगरभर बारीक चिरलेला कच्चा कोबी, गरम भात, मिसो सूप आणि आंबटगोड सॉस. आपल्याकडे पोळीभाजी जितकी साधी, तितकंच तिकडे हे साधं. पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी खातात, कारण जपानीत 'कात्सु' म्हणजे जिंकणं. आपण दहीसाखर देतो, ते कटलेट देतात.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, 'भाऊ, पाणीटंचाईवर लिहायचं सोडून हे काय?' थांबा. हा रस्ता फिरून फिरून नगरपालिकेच्या दारातच येणार आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात आपला पाव आहे.

१५४३ साली पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानात कागोशिमाला पोचले. ज्यांचं शव आज जुन्या गोव्यात आहे, ज्यांच्या फेस्ताला आपल्याकडूनही माणसं जातात, तेच हे. पोर्तुगीजांचा 'पांव' गोव्यात उतरला, तिथून मराठीत 'पाव' झाला. तोच जपानात 'पान' झाला. पानाचा 'को', म्हणजे पावाचा चुरा, म्हणजे 'पानको'. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये तीनशे ग्रॅमचं पुडकं भलत्या भावात मिळतं ना, ते हेच. आपल्या चौकातल्या बेकरीतला लादी पाव आणि जपानी पानको ही एकाच आजीची दोन नातवंडं आहेत.

आणि 'कात्सु' म्हणजे? ते आपलं कटलेटच. फ्रेंचांचं कोतलेत, इंग्रजांचं कटलेट, जपान्यांचं कात्सुरेत्सु. पुढचं कापून 'कात्सु' उरलं. 'तोन' म्हणजे डुक्कर. रेल्वेच्या डब्यात 'कटलेऽऽट, ब्रेडकटलेऽऽट' ओरडत फिरणारा पोऱ्या आणि तोक्योतला वाढपी एकच शब्द बोलतो, फक्त दोघांना ते ठाऊक नाही.

पण गंमत अशी की हा देश काही पूर्वापार डुक्कर खाणारा नव्हता. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस वर्षातल्या ठराविक महिन्यांत खायला बंदी घातली. बौद्ध धर्माचा प्रभाव होता. पुढे शतकानुशतकं अशा आज्ञा निघत राहिल्या आणि चारपायी जनावर खाणं हे अमंगळ ठरलं. लोक अगदीच खात नव्हते असं नाही. रानडुकराला 'डोंगरातला देवमासा' असं नाव देऊन खात होते. मासा म्हटलं की चालतं! 'औषध म्हणून खातो' असंही म्हणायची पद्धत होती. आपल्याकडे 'डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून थोडी घेतो' म्हणणारे काका असतात, तसंच.

मग १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजी यांनी मांस खाल्लं आणि ही बातमी मुद्दाम लोकांपर्यंत पोचवली गेली. राजानं खाल्लं, मग प्रजेलाही धीर आला. तोक्योच्या गिन्झा भागात १८९५ साली सुरू झालेल्या 'रेंगातेई' नावाच्या खाणावळीत १८९९ च्या सुमारास डुकराचं कटलेट भरपूर तेलात, आपल्या भज्यांसारखं तळायला लागले. त्यांची तेंपुरा तळायची पद्धत होतीच, तीच वापरली. रशिया-जपान युद्धात खाणावळीतली माणसं सैन्यात गेली, भाज्या शिजवायला हात उरले नाहीत म्हणून कच्चा कोबी चिरून ठेवायला लागले, असं सांगतात. १९३० च्या आसपास उएनो भागात काप जाड झाला, आधीच कापून द्यायला लागले म्हणजे काड्यांनी उचलता येईल, आणि 'तोनकात्सु' हे नाव रूढ झालं. बाहेरून आलेली वस्तू, पण आज त्यांना कुणी परकी म्हणून दाखवावी! बटाटा, मिरची, पाव आपल्याकडे जसे सोवळ्यात जाऊन बसले, तसंच.

आता कृती. कारण नुसता इतिहास सांगून पळून जाणारा पत्रकार मी नाही.

दोन माणसांसाठी पाठीच्या भागाचे, कडेला चरबीची पट्टी असलेले दोन काप घ्या. प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास, जाडी दीड ते दोन सेंटिमीटर. पातळ काप नको, आतलं वाळून चामडं होतं. मांस आणि चरबी जिथे मिळतात तिथे एक पांढरी शीर असते. सुरीच्या टोकानं तिला चार-पाच ठिकाणी छेद द्या. हे केलं नाही तर तळताना काप होडीसारखा वळतो आणि एका बाजूचं आवरण सुटतं. मग सुरीच्या पाठीनं दोन्हीकडून हलकं ठोका. खिमा करायचा नाही, फक्त धागे सैल करायचे. ठोकून पसरलेला काप हातानं पुन्हा गोळा करून मूळ आकारात आणा. मीठ, मिरपूड. बस. आलं-लसूण, हळद, मसाला काही नाही. हात शिवशिवतील, आवरा.

पावाचा चुरा हा सगळ्या खेळाचा जीव. पुड्यातला तांबूस, रव्यासारखा बारीक चुरा घेतलात तर टणक कवच होतं आणि ते तेल पितं. जपानी पानको म्हणे विजेचा प्रवाह पिठातून सोडून भाजलेल्या, वरची साल नसलेल्या पावापासूनही करतात. आपल्याला तेवढं नको. कालचा लादी पाव घ्या, वरची तपकिरी साल काढा, पाव अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा. लांबट, मऊ कीस पडतो. ताटात पसरून पंख्याखाली पंधरा मिनिटं. मिक्सरला हात लावायचा नाही. कीस मोठा असला की तो काट्यासारखा उभा राहतो, मधे मधे हवा राहते, त्यातलं पाणी झटकन वाफ होऊन जातं आणि तेल आत कमी शिरतं. कुरकुरीतपणा म्हणजे दुसरं काय, पाण्याला बाहेर पडायला दिलेली वाट.

कापाला मैद्याचा पातळ थर, जास्तीचा झटकून. मग फेटलेल्या अंड्यात, त्यात चमचाभर पाणी घातलेलं. मग पावाच्या किसात, वरून कीस टाकून तळहातानं हलकं दाबा. कुठेही उघडी जागा नको. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा म्हणजे आवरण धरतं.

कढईत किमान तीन सेंटिमीटर तेल. १७० अंश. थर्मामीटर नसेल तर किसाचा एक तुकडा टाका. तो मध्यापर्यंत बुडून लगेच वर आला तर तेल झालं. तळाशी जाऊन बसला तर थंड, वरच्यावर नाचून काळा पडला तर जास्त. एका वेळी एकच काप सोडा. दोन सोडले की तेल गार पडतं आणि मग तळणं नाही, उकडणं होतं. तीन मिनिटं एक बाजू, दोन-तीन मिनिटं दुसरी. कान उघडे ठेवा. आधी चर्रर्र असा भरडा आवाज येतो, बुडबुडे मोठे असतात. पाणी कमी झालं की आवाज बारीक होतो, बुडबुडेही बारीक होतात. तेव्हा काढा. कागदावर आडवा टाकू नका, खालून वाफ धरते आणि मेहनत पाण्यात. जाळीवर उभा ठेवा, तीन-चार मिनिटं. आतली धग आतपर्यंत पोचते. मग तेल १८० च्या पुढे नेऊन पुन्हा एक मिनिट. झालं.

सॉस नसेल तर वूस्टर सॉस, टोमॅटो केचप, थोडा सोया सॉस आणि साखर एकत्र करा. बाजूला मोहरीची चटणी.

आतून गुलाबी ठेवायच्या भानगडीत पडू नका. परदेशी व्हिडिओ बघून आपली पोरं 'मीडियम' वगैरे बोलायला लागली आहेत. ते तिथलं. खुद्द जपाननं २०१५ साली डुकराचं मांस कच्चं वाढायला कायद्यानं बंदी केली आणि आतल्या भागापर्यंत ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा तितक्याच परिणामाचं शिजवणं बंधनकारक केलं. ७५ अंशांवर एक मिनिट हे त्याच तोडीचं मानतात. घरी कापाच्या मध्यात टोचायचा थर्मामीटर असेल तर ७५ चा आकडा बघा. नसेल तर सुरी घालून बघा, रस पांढुरका स्वच्छ आला पाहिजे. काप जाड वाटला तर आणखी एक मिनिट. शंका असेल तर तळा, उगाच शौर्य नको.

इथपर्यंत सगळं छान. आता त्या ताटात राहिला तो कोबी. शिरांना आडवा, केसासारखा बारीक चिरायचा, बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, निथळून कच्चाच वाढायचा. तेलकट घासावर हा गार कोबी म्हणजे अमृत.

आणि इथे मी थांबतो. कारण माझ्या गावात मी कोबी कच्चा खात नाही. तुम्ही तरी खाता का? छातीवर हात ठेवून सांगा.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक गोष्ट सांगितलेली आहे. 'कोबीत किडा असतो, तो डोक्यात जातो आणि फिट येते.' गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं आपण कधी विचारलंच नाही. तो किडा कोबीचा नसतो. कोबीत जन्मत नाही, कोबीवर जगत नाही. त्याचं नाव टीनिया सोलियम, डुकराचा पट्टकृमी. त्याचा प्रवास नीट समजून घ्या, कारण या पोस्टचा सगळा मुद्दा त्या प्रवासात आहे.

अर्धवट शिजलेलं, कृमीच्या गाठी असलेलं डुकराचं मांस माणसानं खाल्लं की पोटात लांब पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा मोकाट डुक्कर खातं, त्याच्या मांसात गाठी होतात. हे झालं एक चक्र. दुसरं त्याहून वाईट. तीच अंडी गटाराच्या पाण्यातून भाजीच्या मळ्यात जातात, कोबी-मेथी-कोथिंबिरीवर बसतात, न धुतलेल्या हातावर बसतात. ती माणसाच्या पोटात गेली की गाठी डुकराच्या नाही, माणसाच्या मेंदूत होतात. मग फिट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे हा रोग मुरलेला आहे, तिथल्या अनेक भागांत अपस्माराच्या साधारण ३० टक्के रुग्णांचं मूळ या कृमीत असतं.

म्हणजे काय झालं बघा. डुक्कर खाणारा, नीट शिजवून खाणारा, वाचू शकतो. आणि जन्मात अंडंही न शिवलेला, उपासाला काकडीची कोशिंबीर खाणारा माणूस फिट येऊन पडू शकतो. कोण शाकाहारी, कोण मांसाहारी, हे कृमीला कळत नाही. त्याला फक्त संडास, गटार आणि मोकाट डुक्कर कळतं.

म्हणून म्हटलं, ही पोस्ट डुक्कर न खाणाऱ्यांसाठी जास्त आहे.

जपानी माणूस त्या ताटात बसून आपण ज्या दोन गोष्टींना घाबरतो त्या दोन्ही एकाच वेळी खातो. डुक्कर आणि कच्चा कोबी. बिनधास्त. हा काही त्याच्या पोटाचा पराक्रम नाही. तिथलं डुक्कर गोठ्यात वाढतं, गटारात नाही. तिथे १९५३ पासून कत्तलखान्यांचा स्वतंत्र कायदा आहे. जनावर ठरलेल्या जागीच कापायचं आणि प्रत्येक जनावराची तपासणी पशुवैद्यानं करायची. आधी जिवंत असताना, मग कापल्यावर. मैला शेतात जात नाही. म्हणून कोबी कच्चा चालतो. तोनकात्सु कुरकुरीत होतो तो घरच्या कढईत, पण निर्धास्तपणे खाता येतो तो सरकारी यंत्रणेमुळे.

आता आपल्याकडे या.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावात परत आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून नगरपालिकेच्या सभा बघतोय. डुकराचा विषय दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येतो. एखाद्या पोराला डुकरानं पाडलेलं असतं, नाहीतर कुणाच्या ओट्यावर घाण केलेली असते. नगरसेवक तावातावानं बोलतात. 'मोकाट डुकरांचा बंदोबस्त करण्यात यावा' असा ठराव होतो. बाहेरगावचा ठेकेदार येतो, जाळ्या टाकतो, गाडी भरतो. डुकरं ज्यांची असतात ते धावून येतात, बाचाबाची होते, पोलीस येतात. आम्ही फोटो छापतो. चार महिन्यांत डुकरं पुन्हा तेवढीच. मथळा बदलायची सुद्धा गरज पडत नाही.

या वीस वर्षांत सभेत एकदाही, एकदाही, कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही की ही डुकरं शेवटी जातात कुठे? कापतात कुठे? कोण तपासतं? विकतात कुठे? जसं काही ती डुकरं हवेत विरतात. विरत नाहीत. नाल्याच्या कडेला, पहाटे, एखाद्या पत्र्याच्या आडोशाला कापली जातात. ना पाणी, ना फरशी, ना डॉक्टर, ना शिक्का. आणि ते मांस आपल्याच गावात खाल्लं जातं. अगदी जे 'आम्ही नाही हो त्यातले' म्हणतात तेही खातात. रात्री, ढाब्यावर, हळू आवाजात. तो 'डोंगरातला देवमासा' आपल्याकडेही आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे, १८ विषयांची. त्यातला शेवटचा, अठरावा विषय वाचा. कत्तलखाने आणि चामड्याचे कारखाने यांचं नियमन. ७४ व्या घटनादुरुस्तीनं हे १९९२ साली घातलं. म्हणजे हे कुणाची मर्जी राखायचं काम नाही, घटनेनं सुचवलेलं काम आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा आहे. मिठाईवाल्याच्या खव्याचे नमुने दिवाळीत घेतात की नाही? घेतात. डुकराच्या मांसाचा नमुना घेतल्याची बातमी मी आजवर लिहिलेली नाही. लिहायला मिळालीच नाही.

का मिळाली नाही? इथे खरं दुखणं आहे आणि ते नाव घेऊन सांगायला हवं. जात.

कोंबडीचं दुकान चौकात चालतं. बोकड रस्त्यावर टांगलेला चालतो. डुक्कर म्हटलं की विषय 'त्या' वस्तीचा होतो. डुकरं पाळणारी माणसं ठरावीक जातींची, त्यांची घरं नाल्याच्या कडेला, आणि त्यांचा धंदा हा धंदा नाही तर उपद्रव, असं आपण मनोमन ठरवून टाकलंय. त्यांच्या खाण्याला पाककृती म्हणायचीही आपली तयारी नव्हती. शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुली कागदावर आणल्या, त्या २०१५ साली. तोवर मराठीत पाककृतींची किती पुस्तकं निघाली होती, मोजा.

आणि जपान या बाबतीत काही स्वर्ग नव्हे, हेही सांगतो. जनावर कापणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या लोकांना तिथेही शतकानुशतकं अस्पृश्यासारखं वागवलं. त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ मध्ये सरकारनं हुकूम काढून त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द केला. लगेच पुढच्या वर्षी सम्राटानं मांस खाल्लं. म्हणजे मांस प्रतिष्ठित झालं, मांस करणारा नाही झाला! त्यासाठी त्या लोकांना १९२२ साली 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना काढून लढावं लागलं. तोक्योच्या शिबाउरा मांसबाजारातल्या कामगारांना शिव्यागाळीची निनावी पत्रं येत आली. त्यांनी काय केलं, तर आपल्या माहितीकेंद्रात ती पत्रंच लोकांना बघायला मांडली. बघा म्हणाले, आमच्या हातचं खाता आणि आम्हाला हे लिहिता. मला ही गोष्ट तोनकात्सुपेक्षाही जास्त आवडते.

तेव्हा जपानकडून घ्यायचंच तर दोन्ही घ्या. यंत्रणा त्यांच्यासारखी हवी, आणि माणसांची जी हेळसांड त्यांनी केली ती नको.

काही जण म्हणतील, आमच्या धर्मात डुक्कर निषिद्ध आहे. मान्य. मुस्लिम बांधवांना वर्ज्य आहे, अनेक हिंदूंना चालत नाही, जैनांना तर कुठलंच मांस चालत नाही. कुणी खावं असा माझा आग्रह नाहीच. वरची कृती कोंबडीच्या तुकड्याला तशीच लागू होते, बटाट्यालाही. जपानात बटाट्याचं 'कोरोक्के' करतात, ते म्हणजे सरळ आपलं बटाट्याचं कटलेट. पण 'मी खात नाही' आणि 'म्हणून त्याची सोय करायची नाही' या दोन वाक्यांत फरक आहे. मी दारू पीत नाही म्हणून दारूची भेसळ तपासू नका, असं कुणी म्हणेल का? गोव्यात, वसईत आपलीच कोकणी-मराठी बोलणारी माणसं सणासुदीला सोरपोतेल करतात, त्यांच्या घरी तो देवाधर्माचा दिवस असतो. खाणं हे ज्याचं त्याचं. गटार मात्र सगळ्यांचं.

काही जण म्हणतील, डुकरं संपवूनच टाका ना गावातून. २०१९ च्या पशुगणनेत देशात डुकरांची संख्या ९० लाखांवर आली, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी. म्हणजे तशी ती घटतच आहेत. पण संपवून रोग संपत नाही. पोटात कृमी असलेला माणूस इथेच आहे, उघडं गटार इथेच आहे, त्या पाण्यावरची भाजी इथेच आहे. ठेकेदाराला दिलेले पैसे जातात आणि गरिबाचं भांडवल जातं, एवढंच. एका डुकरिणीला वर्षाला दोन वेतं आणि वेताला आठ-दहा पिल्लं होतात. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याची ती बँक आहे. कर्ज काढून म्हैस घेणाऱ्याला आपण शेतकरी म्हणतो. डुक्कर पाळणाऱ्याला काय म्हणतो, ते इथे लिहिता येत नाही.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. येत्या सभेत कुठल्याही पक्षाच्या नगरसेवकानं पुढचे चार विषय मांडावेत.

एक. डुकरं पाळणाऱ्या घरांची नोंद करा. गावाबाहेर त्यांना पाणी आणि कुंपण असलेली जागा द्या. बंदिस्त पाळण्याची मुदत ठरवा आणि त्यानंतरच मोकाट डुकरावर कारवाई करा. आधी सोय, मग दंड. आपण नेमकं उलटं करतो.

दोन. एक छोटा कत्तलखाना. फरशी, नळ, निचरा आणि आठवड्यातून ठरलेले दोन दिवस पशुवैद्यक. तपासलं, शिक्का मारला, मगच विक्री. तो चालवायचं काम त्याच लोकांच्या बचतगटाला किंवा सोसायटीला द्या. बाहेरच्या ठेकेदाराला नको.

तीन. नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी आणि कोबी काढणं बंद करायला त्या शेतकऱ्यांना दुसरं पाणी द्या. नुसती नोटीस काढून ते बंद होणार नाही, त्यांचंही पोट आहे.

चार. शौचालयं कागदावर पूर्ण झाली आहेत. ती पाण्यासकट पूर्ण करा. दारात शौचालय आणि नळ कोरडा, मग माणूस जातो नाल्यावरच.

यातलं एकही काम चंद्रावर जायचं नाही. गेल्या काही वर्षांत चौक सुशोभीकरणावर आपण जो खर्च केला, कारंजी बसवली, जी आज बंद आहेत, त्या मानानं हे काहीच नाही. पण कारंज्याचं उद्घाटन करता येतं, फोटो येतो. डुकरांच्या कत्तलखान्याची फीत कापायला कोण येणार? हीच खरी अडचण आहे. पैशाची नाही.

दरम्यान घरी करून बघणार असाल तर मांस खात्रीच्या ठिकाणचं आणा. शहरात जाणं झालं तर परवानाधारक दुकानातलं, पाकिटावर तारीख आणि परवाना क्रमांक बघून घ्या. आतपर्यंत शिजवा. कच्च्या मांसाची सुरी आणि फळी वेगळी ठेवा. कोबीची बाहेरची पानं काढून टाका, उरलेली एकेक सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा, आणि तरीही उकळत्या पाण्यातून काढूनच घ्या. थोडा मऊ पडेल, मजा जराशी जाईल. कोबीचा तो कुरकुरीतपणा आपल्या नगरपालिकेकडे थकबाकी आहे असं समजा.

ज्या दिवशी या गावात कच्चा कोबी न घाबरता खाता येईल, त्या दिवशी गाव सुधारलं असं मी लिहीन. तोवर सुशोभीकरणाच्या बातम्या छापत राहू.

नगरसेवक मंडळींना टॅग करायचं तुमच्यावर सोडतो. आपापल्या वॉर्डाचं नाव लिहा, मोकाट डुकरं, उघडी गटारं, नाल्यावरची भाजी, जे दिसतं ते सांगा. शिव्या देणाऱ्यांनीही या. फक्त एक विनंती, कुठल्याही जातीचं किंवा वस्तीचं नाव घेऊन बोलू नका. ते पुसून टाकेन. बाकी चर्चा मोकळी.